अथवा आणि किंवा

तुझं विलायतेचं पत्र पोचलं. कॉलेजात झालेल्या वादाबद्दल तू लिहिलं आहेस, ते मी दोनदा वाचलं. एखादं सरकार आपल्या हद्दीबाहेरच्या माणसाला कोर्टापुढे न आणता परस्पर ठार करवतं, तेव्हा त्याला आपल्या भाषेत काय म्हणायचं, असं तू विचारतोस. इंग्रजी शब्द तुला येतो, मराठी सापडत नाही म्हणतोस. हेच पत्र मी तुझ्या ताईला नैरोबीला नकलून पाठवते आहे, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते दोघांनाही एकदमच कळलेलं बरं.

शब्द आहे. ‘मारेकरी घालणे.’ आपल्या लोकांना तो शोधावा लागत नाही. पण याच एका शब्दावर आठ दिवस अडून बसलेला एक माणूस मला माहीत होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ठाण्याला सासरी आले होते. तुमचे आजोबा मुंबईला शिकत होते आणि मी सासूसासऱ्यांजवळ होते. मामंजी ठाण्याच्या कोर्टात वकील. सून इंग्रजी वाचते याचं त्यांना कौतुक होतं आणि सासूबाईंना भय होतं. घराच्या मागच्या दोन खोल्यांत मामंजींचे एक बाळमित्र भाड्याने राहत. साठीच्या आसपासचे, विधुर, कलेक्टर कचेरीत तर्जुमा करण्याच्या जागेवर. इंग्रजीतून हुकूम यायचा, तो त्यांनी मराठीत उतरवायचा, मग तो छापून गावोगावी लागायचा.

सगळी कचेरी त्यांना ‘अथवा’ म्हणे. मामंजी तोंडावर ‘अथव्या’ म्हणत. कारण त्यांच्या तोंडून एक शब्द सुटा निघतच नसे. “सूनबाई, जरा पाणी अथवा ताक आण.” बाजारात ते “वांगी अथवा दुधी” मागत, आणि भाजीवाली दोन्ही झाकून म्हणे, “आधी ठरवून या.” संध्याकाळी तलावाला फेरी घालायला निघाले की अर्ध्या पाळीवरून परत फिरत आणि उरलेली अर्धी दुसऱ्या बाजूने जाऊन पुरी करत. गोल फिरून घरी का येत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “एकीकडून गेलं की दुसरी बाजू राहून गेली असं वाटतं.” मला ते तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतं, पण पुरतं नाही.

त्यांच्या कोनाड्यात लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. त्यांत लोणचं नव्हतं. जो इंग्रजी शब्द मराठीत बसत नसे तो ते चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकत. “मुरू दे,” म्हणत. महिन्या-दोन महिन्यांनी चिठ्ठी काढून बघत आणि बहुधा परत टाकत. “अजून कच्चा आहे.”

मला इंग्रजी त्यांनीच पुढे शिकवलं. ओटीवर ते बसायचे, मी माजघराच्या उंबऱ्याच्या आत. शिकवण्याच्या बदल्यात मी त्यांचं एक काम करी, आणि ही गोष्ट बाहेर कळली असती तर त्यांची नोकरी गेली असती. त्यांचं मोडी अक्षर छापखान्यात कुणालाच लागत नसे. म्हणून त्यांच्या कच्च्या खर्ड्याची बालबोधीत स्वच्छ नक्कल मी करत असे. माझं अक्षर चांगलं होतं, आणि ते पुरुषाचंही वाटू शकेल असं होतं.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळं याच्यावर आहे. त्यांचा खर्डा अथवांनी भरलेला असे. ‘सदरहू इसम अथवा मजकूर इसम अथवा तो मनुष्य.’ त्यावर त्यांनी मला नियम घालून दिला होता. “अथवा दिसला की पहिला शब्द ठेवायचा, पुढचे गाळायचे. पहिला शब्द मी सकाळी उठल्या उठल्या लिहितो, पुढचे शहाणपण सुचल्यावर. सरकारला शहाणपण लागत नाही.”

“आणि मूळ इंग्रजीतच ‘हे की ते’ असं असलं तर?” मी विचारलं.

“तिथे मी ‘किंवा’ लिहीन. किंवा सरकारचा, अथवा माझा. किंवाला हात लावायचा नाही.”

दोन वर्षं हा नियम बिनचूक चालला. नियम पाळण्यात मी पहिल्यापासून काटेकोर. तुमच्या आईला विचारा.

त्या सुमाराला मुरबाडपलीकडच्या डोंगरात गोमा नावाच्या माणसानं दरोडे घालायला सुरुवात केली होती. काही म्हणत तो गरिबाला हात लावत नाही. काही म्हणत त्यानं एका म्हातारीचे कान तोडले. दोन्ही सांगणारे शपथेवर सांगत. पोलीस मागे लागले की तो डोंगर उतरून पलीकडच्या संस्थानात जाई. तिथे राजा वेगळा, हद्द वेगळी. आपले शिपाई नदीपाशी थांबत.

मग साहेबाच्या कचेरीतून इंग्रजी जाहीरनामा निघाला. मजकूर साधा होता. गोमा नावाचा इसम रयतेस दहशत घालतो, सबब जो कोणी त्याला जिवंत किंवा मृत हजर करील त्याला सरकारातून इनाम मिळेल, मग तो कुठल्याही मुलखातला असो. खाली वर्णन होतं: वय तिशीचं, अंगानं सडपातळ, डाव्या भुवईवर वण.

हा कागद घेऊन अथवाकाका आठ दिवस बसले. एका दुपारी मामंजी कोर्टातून आले आणि दोघांची जुंपली.

“अरे अथव्या, चार ओळी आहेत. माझा कारकून पानसुपारी खाता खाता करील.”

“करील. त्याला अडचण दिसणार नाही. मला सांग वकिला, आपला शिपाई नदी ओलांडून का जात नाही?”

“परक्या राजाचा मुलूख. राजाराजांमधला कायदा आहे तसा. शिपाई पाठवला तर त्या राजाचा अपमान.”

“बरोबर. तुझ्याच कपाटातल्या जाडजूड पुस्तकात वाचलं मी. मग शिपायाऐवजी हा कागद नदी ओलांडून गेला, आणि तिथल्याच एखाद्यानं इनामासाठी गोमाच्या डोक्यात धोंडा घातला, तर अपमान होतो की नाही?”

“कागद कुणाला मारत नाही.”

“मारत नाही, मारायला सांगतो. आपण त्याला मराठीत काय म्हणतो? मारेकरी घालणे. घरचा भाऊबंद करतो तेव्हा म्हणतो ना? मग मी वर मथळा काय देऊ? ‘सरकार मारेकरी घालत आहे’?”

“हळू बोल!” मामंजींनी रस्त्याकडे पाहिलं. “तो दरोडेखोर आहे. लोकांना दहशत घालतो.”

“घालतो. मान्य. आणि त्याच्या वयाचे, त्याच्या अंगाचे जेवढे लोक त्या डोंगरात आहेत त्यांना हा कागद काय घालणार?”

“तू तर्जुमा कर, न्याय करू नकोस,” मामंजी म्हणाले.

तेवढ्यात नामी आली. ही कोलशेतकडची. तिचं माणूस मिठागरावर कामाला होतं, आणि ती आमच्या गाईला गवताचा भारा आणून टाकी. मामंजींनी विषय बदलावा म्हणून मुद्दाम मोठ्यानं वर्णन मराठीत करून वाचायला घेतलं. ‘गोमा, तिशीचा, सडपातळ, डाव्या भुवईवर वण.’

नामीनं भारा टाकला आणि हसत सुटली. “वकीलसायब, माज्या दादल्याचा कागद तुमच्याकरं कसा आला?”

“तुझ्या?”

“गोमाच हाय ना तो. आनि भुवईवरचा वन मीच दिलाय, उलथन्याचा. ताडी पिऊन आल्ता.”

सासूबाईसुद्धा आतून हसल्या. मामंजी म्हणाले, “अगं, हा मुरबाडकडचा दरोडेखोर.”

“मंग माजा पन मुरबाडलाच हाय. मिठाचा काम सुरू व्हायला येल हाय, तवर गवत कापाला गेलाय.” तिचं हसू थोडं उतरलं. “आनि त्याला धरला तं?”

“धरला तर कचेरीत आणतील. विचारतील, तो नाही म्हणेल, सोडून देतील.”

“आनि मारला तं?”

“तर... कचेरीत आणतील.”

“आनि कोनाला इचारतील?”

नामी एकदा मामंजींकडे आणि एकदा अथवाकाकांकडे बघत राहिली, मग दोरी गुंडाळून निघून गेली. कागदावर हात ठेवून अथवाकाका तसेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खर्डा दिला. मी नक्कल केली. त्यांनी ती न वाचता घडी करून खिशात घातली. शिरस्तेदारही त्यांचं लिहिलेलं कधी वाचून बघत नसे. खाली सही करी. चौथ्या दिवशी ठाण्याच्या नाक्यावर, कल्याणच्या मामलेदार कचेरीबाहेर आणि मुरबाडच्या बाजारात जाहीरनामे लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी दवंडी पिटली गेली. मजकूर होता: ‘जो कोणी त्यास जिवंत हजर करील.’ एवढंच. ‘मृत’ कुठेही नव्हतं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मामंजींच्या आलं, पण त्यांना वाटलं, साहेबानंच सुधारलं असेल.

दहा-बारा दिवसांनी गवत कापणाऱ्या काही जणांनी नामीच्या नवऱ्याला धरलं. हातपाय बांधले, मार दिला, एक दात पाडला आणि बैलगाडीत घालून कल्याणला मामलेदारापुढे आणलं. नामी खाडीतून होडीनं कल्याणला गेली. मिठागराचा मुकादमही गेला. दोघांनी ओळख पटवली आणि त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी नामी आमच्याकडे मिठाची टोपली घेऊन आली. “वैनी, त्यांच्याकरं कोयता व्हता. माजा दादला बोलला, अरं मारू नका, कागदान जित्ता लिवलाय. म्हून राखला.” असं म्हणून ती रडली आणि मग नवऱ्याच्या पडलेल्या दातावरून त्याची टिंगल करू लागली. “आता शिटी वाजवतो आनि बोलतो पन एकदमच.”

मी आत जाऊन देवापुढे बसले. इतका आनंद मला तुमचे आजोबा पास झाल्याच्या तारेनंही झाला नव्हता.

हा आनंद आठ दिवस टिकला.

तलावाच्या पाळीवर एक हवालदार राहत असे. मोठ्या मिशांचा, सगळ्यांना रामराम घालणारा. त्याला दोन मुली होत्या. त्याची टोळी नदीवर पाळतीला होती. खरा गोमा एका सकाळी पाण्यात उतरलेला त्यांना दिसला. बंदुकीच्या टप्प्यात होता, आणि अजून आपल्या हद्दीत होता. आणखी दहा पावलं गेला असता तर संस्थानात. हवालदाराला इंग्रजी येत नव्हतं. त्याच्या खिशात मराठी जाहीरनामा होता. बरोबरच्या शिपायानं पुढे सांगितलं, की तो म्हणाला, “जिवंत पाहिजे,” बंदूक पाठीला लावली आणि पाण्यात शिरला. गोमाच्या हातात कोयता होता. हवालदाराला ठाण्याला आणलं तेव्हा तोंडावरही कांबळं होतं.

मग साहेबानं इंग्रजी आणि मराठी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचून घेतले.

अथवाकाकांना चौकशीला बोलावणं आलं, त्या सकाळी मी उंबरा ओलांडून ओटीवर गेले. “नक्कल माझ्या हातची आहे,” मी म्हटलं. “मी सांगते.”

“खर्डा कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मी पेटीतून काढून दिला. सगळे खर्डे मी तारखेवार ठेवत असे. तो घेताना त्यांनी मला वाचू दिला नाही, आणि मीही हात पुढे केला नाही. त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले, ते तांब्यातल्या पाण्यात बुडवले आणि लगदा तुळशीच्या मागे टाकला.

“काका, त्यात काय होतं? अथवा होता की किंवा?”

“सूनबाई, आज ताक नको, पाणीच दे,” ते म्हणाले. एवढंच.

मामंजी त्यांच्याबरोबर गेले. घरी आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी सांगते. साहेबानं विचारलं, हा शब्द चुकून राहिला की मुद्दाम काढला? मामंजींनी वाटेत त्यांना पढवून ठेवलं होतं. “अरे, ‘गळलं’ म्हण. माणसाच्या हातून शब्द गळतो. दंड होईल, जागा राहील.” पण साहेबापुढे उभं राहून अथवाकाका म्हणाले, “गाळलं.” मामंजींनी मागून कोट ओढला. साहेबानं दुभाष्याला परत विचारायला सांगितलं. “गाळलं. मी गाळलं.” आयुष्यभर जो माणूस एका शब्दावर राहिला नाही तो त्या एका कान्यावर अडून बसला.

“एका कान्यासाठी तीस वर्षांची नोकरी!” मामंजी घरात येरझारा घालत होते. “बरं, का गाळलंस म्हणून विचारलं, तर म्हणतो, मला तो शब्द मराठीत सापडला नाही. ‘मृत’ सापडला नाही म्हणे! पोरालाही येतो!”

तुरुंग झाला नाही. साहेबाला म्हातारा भ्रमिष्ट वाटला असावा. नोकरी गेली, पेन्शन गेलं. मामंजी भाडं घ्यायला तयार नव्हते तरी महिनाभरात ते कल्याणला राहायला गेले आणि मुलांना इंग्रजी शिकवू लागले.

दुसरा जाहीरनामा नव्या माणसानं केला, ‘जिवंत किंवा मृत’ असा. नामीनं नवऱ्याला घराबाहेर पडू दिलं नाही. मिठागराचं काम सुरू झालं तरी तो दिवसा भाताच्या कणगीमागे बसून राही. महिन्याच्या आत संस्थानात गोमाच्याच मेहुण्यानं त्याला जेवायला बसवून मारलं आणि प्रेत गाडीत घालून ठाण्याला आणलं. लोक बघायला लोटले. नामीही गेली. परत आली ती गोंधळलेली.

“वैनी, वन व्हता. पन उजवीकरं व्हता.”

“म्हणजे तो नव्हे?”

“काय म्हाईत. मी समोरशी बगितला. समोरशी बगितल्यावं त्याचा डावा का माजा डावा, मना समजतच नाय.” ती स्वतःच्या भुवईला हात लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

सरकारनं इनाम दिलं. त्या डोंगरात पुढे गोमाच्या नावावर दरोडा पडला नाही. दुसऱ्या नावांवर पडले. संस्थानच्या राजानं खलिता पाठवून तक्रार केली असंही ऐकलं, आणि त्याच राजानं मेहुण्याला शेला दिला असंही ऐकलं. खरं काय ते मामंजींनाही कळलं नाही.

दोन वर्षांनी तुमच्या आजोबांना कल्याणला काम निघालं, तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. अथवाकाका वाळले होते. टेबलावर अर्ज पडला होता, इंग्रजीतला, त्या हवालदाराच्या बायकोसाठी. तिला पुरतं पेन्शन मिळत नव्हतं. तो त्यांचा पाचवा अर्ज होता. दर महिन्याला ठाण्याला जाऊन ते तिला भेटत आणि तिच्या मुलींना बाराखडी शिकवत. ते कोण आहेत हे तिला माहीत नव्हतं.

आजोबा बाहेर गेल्यावर मी म्हटलं, “काका, मला तिला सांगायचंय. नक्कल माझी होती.”

“काय सांगशील? वाक्य बोलून दाखव.”

मी तोंड उघडलं, पण वाक्य होईना.

“मीही करून बघितलं,” ते म्हणाले. “नामीच्या घरी बोलायला एक वाक्य आहे, हवालदाराच्या घरी दुसरं. दोघींना शेजारी बसवून म्हणता येईल असं एक वाक्य तुला सापडलं, तर मला कळव. मी तुझ्याबरोबर येईन.”

मी पुन्हा विचारलं, “खर्ड्यात अथवा होता की किंवा? खरं सांगा.”

“तू नक्कल केलीस. तुला ठाऊक असायला हवं.”

“मला आठवत नाही.”

“मग मलाही आठवत नाही,” ते म्हणाले आणि अर्जाकडे वळले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. हवालदाराच्या बायकोला मी काहीच सांगितलं नाही. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात अहेर केला, तेव्हाही नाही.

आता तू विचारशील, आजी, खरंच आठवत नाही? घरातली किल्ली कुठल्या खिळ्यावर होती हे मी पन्नास वर्षांमागचं सांगू शकते, आणि तो एक शब्द सांगू शकत नाही. अथवा असेल, तर त्यांनी आपला नियम माझ्या हातून वापरून घेतला, आणि मी निर्दोष. किंवा असेल, तर मी गाळलं, एक माणूस वाचवला, एक मारला, आणि त्यांनी ते आपल्या नावावर घेतलं. मला एवढंच आठवतं, की त्या ओळीवर आल्यावर मी टाक खाली ठेवला होता. शाई संपली नव्हती. उठून दारापर्यंत गेले, नामीचं गवत अंगणात पडलं होतं ते बघितलं, आणि परत येऊन बसले. नियमाप्रमाणे गाळायचा शब्द असता तर मी कशाला उठले असते?